चारी कोपरे शाबूत

शहादे, जि. धुळे
पौष वद्य, जानेवारीअखेर १९६७

प्रिय दोधू,

तू जिवंत आहेस असं कळलं. आमच्याकडे या बातमीची काहीच तयारी नव्हती. कळून आठवडा होत आला. अक्षर वाकडं दिसलं तर वयावर ढकलू नकोस. पाकिटावर तुझं पासपोर्टावरचं नाव घातलं आहे, प्राध्यापक लॉरिंग हॅस्केट. आत मात्र जसोदाबाईंनी ठेवलेलंच नाव चालवतो, कारण तिळांजळी दिली ती दोधूला, आणि माझं भांडणही त्याच्याशीच आहे. तुझं मराठी गंजलं असेल तर सावकाश वाच. मेलेल्या माणसाला घाई नसते.

तू गेलास तो एकसष्टच्या उन्हाळ्यात. कसा गेलास हे तुला कोणी कळवलेलं नसणार, म्हणून मीच सांगतो. आपल्या तापीकाठच्या गुजर घरांत मयताची बातमी टपालाने द्यायची झाली तर पत्राचा एक कोपरा फाडून टाकतात. घेणाऱ्याने वाचायच्या आधीच ओळखावं, म्हणून. तसलं पत्र उंबऱ्याच्या आत येत नाही. बाहेरच घ्यायचं, बाहेरच फाडायचं, आणि घरादाराने अंगावरच्या कपड्यांनिशी न्हायचं. तू प्रकाशा गावात जसोदाबाईंच्या ओसरीवर वर्षभर राहिलास, चुलीपासून नांगरापर्यंत सगळं विचारून माझं आणि त्यांचं डोकं खाल्लंस. पण त्या वर्षी सुदैवाने भाऊबंदांत कोणी मेलं नाही, त्यामुळे तुझ्या अभ्यासातून एवढा भाग राहून गेला. मी तरी कशाला सांगायला बसलो? मी तुला वृत्तं शिकवत होतो.

तुझ्या त्या पाकिटावर अमेरिकेचं रंगीत तिकीट असणार. वाटेत कोणा हौशी माणसाला ते आवडलं. पाण्यात भिजवून सोडवायचा धीर त्याला नसावा; त्याने ते कोपऱ्यासकट घेतलं. तो कोण, कुठला, मला ठाऊक नाही. त्याच्या वहीत तू अजून सुखरूप चिकटलेला असशील. उरलेला तू मात्र प्रकाशाला पोचलास तो वैशाखातल्या दुपारी, आणि दारात उभा होता दगा. जसोदाबाईंचा हा पुतण्या तुला आठवेल, तुझ्या हातून बैल सुटला तेव्हा तुला न शोधता आधी बैलाला शोधायला धावला तो. दगा दारातूनच म्हणाला, “काकी, अमेरिकाना कागद शे. कोपरा फाटेल शे.” बाई आत कापूस निवडत होत्या. त्या उठून उंबऱ्यापर्यंत आल्या आणि अलीकडेच थांबल्या. पूर्वीची तुझी पत्रं तुझ्या हाताने लिहिलेली असत, पत्त्यातली ती तुझी बदकासारखी देवनागरी पोस्टमनलाही पाठ झाली होती. या वेळी पत्ता यंत्रावर बडवलेला. म्हणजे दोधूने लिहिलेलं नाही, कुठल्या कचेरीने कळवलेलं. दगाने विचारलं, कोणाकडून तरी वाचून घेऊ का? बाई म्हणाल्या, “वाचीसन काय करशी? अमेरिकामा आपलं दुसरं कोन शे?”

या युक्तिवादात दोष दाखव. मी सहा वर्षं शोधतो आहे, मला सापडलेला नाही.

पत्र तिथंच फाडलं. घर न्हालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने बाई शहाद्याला माझ्या दारात. त्या बाईंना मी त्याआधी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या पायरीवर बसल्या आणि उठल्याच नाहीत. “मास्तर, मन्हा दोधू गया. त्याना देशमा मेल्यावर पानी देतस का?” मी म्हटलं, त्यांच्यात तसं नाही, फुलं ठेवतात. बाईंनी विचार केला. “फुलेसवर तहान जाई का?” मग म्हणाल्या, “मंग तुम्ही द्या.”

मी काशीला नाही, तरी पुण्यात आठ वर्षं शास्त्र शिकलेला माणूस. परदेशी, परधर्मी माणसाला तिळोदक द्यावं की नाही यावर मी त्यांना संध्याकाळपर्यंत सप्रमाण नकार ऐकवू शकलो असतो. पण त्या माणसाला मी स्वतः मांडी घालून बसायला शिकवलं होतं. संगमावर नेहमीच्या उपाध्यायांनी हात झटकले, तेव्हा मीच उभा राहिलो. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप धरावं अशी सोय आहे, म्हणून तू काश्यप झालास. पित्याच्या नावाच्या जागी मी हॅरल्ड म्हटलं, आणि तापीच्या पाण्यावर ते फार वाईट वाटलं असं नाही. कर्ता म्हणून दगा बसला. दगाने मिशी दिली. तुला त्या मिशीची कल्पना आहे. प्रकाशाच्या बाजारात लोक तिच्या टोकांवरून दगाचा मूड ओळखत. न्हाव्याने दोनदा विचारलं, परक्या माणसासाठी? दगा म्हणाला, तू वस्तरा चालव. जसोदाबाईंनी त्या दिवशी वांग्याचं भरीत सोडलं. गेलेल्याच्या आवडीची एक वस्तू सोडायची असते. खानदेशातल्या माणसाने भरीत सोडणं म्हणजे काय, हे मी तुला समजावून सांगायची गरज नाही. तू एका बैठकीत किती खाल्लंस ते गावात अजून सांगतात, आणि दर वर्षी थोडं वाढवून.

आता तू म्हणशील, मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्ही तरी चौकशी करायची. केली. तुझ्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मी शोकपत्र घातलं. इंग्रजीत होतं आणि बरं उतरलं होतं. चार महिन्यांनी ते परत आलं. वर जांभळा शिक्का, शिक्क्यात एक हात, आणि त्या हाताचं लांब बोट माझ्याच पत्त्याकडे. इसम या ठिकाणी नाही, असं खाली छापलेलं. मी ते बोट बराच वेळ पाहिलं. यापेक्षा स्पष्ट उत्तर परलोकातून कोणाला आलं असेल असं वाटत नाही. तू त्या उन्हाळ्यात नोकरी बदलली असणार, हे मला परवा कळलं.

परवा म्हणजे मागच्या बुधवारी. शाळेच्या कामाला नंदुरबारला गेलो होतो. माझ्या जुन्या कोशाची पाठ उसवली होती, म्हणून बशीरच्या दुकानात शिरलो. बशीर बांधणीवाला; हात चांगला, बोलणं त्याहून चांगलं. अस्तराला जाड कागद लागतो म्हणून तो मुंबईहून परदेशी मासिकांची रद्दी आणवतो. तो म्हणाला, “मास्तरसाब, कोश कपडे में बांधूं या चमडे में? आपकी उमर में तो चमडा ही अच्छा, दोनों साथ चलेंगे.” मी उत्तर देत होतो आणि हात सवयीने वरचं त्रैमासिक चाळत होता. अनुक्रमणिकेत तुझं नाव दिसलं. मला वाटलं, जुना अंक. वरती पाहिलं: वसंत १९६६. मला वाटलं, मरणोत्तर काही छापलं असेल. तळटीप पाहिली: लेखक सध्या अमुक विद्यापीठात शिकवतात, पुढच्या वर्षी त्यांच्या टीकालेखांचं तिसरं पुस्तक येईल.

सध्या शिकवतात. मी कागदांच्या गठ्ठ्यावर बसलेला होतो आणि बशीर पाण्याचा पेला धरून म्हणत होता, “चमडा नहीं चाहिए तो मत लो मास्तरसाब, इतना क्या?” ज्याला मी ओंजळीने पाणी दिलं, तो पंचवीस पानं लिहितो आहे, आणि तीही तावातावाने. मेलेला परत आल्यावर म्हणायचा श्लोक आठवावा तर आठवेना. आठवत होता तो तू अनुष्टुभ् म्हणताना दर पाचव्या अक्षराला घोट गिळायचास तो आवाज.

लेख मी तिथंच वाचला. पाच तरुण कवींना तू सोलून काढलं आहेस. एकाच्या उपमा उसन्या, एकाचं दुःख भाड्याचं. तुझी धार पाहून गुरू म्हणून छाती फुगली आणि माणूस म्हणून थोडी भीती वाटली. प्रकाशाला आलास तेव्हा तू मुंगी पायाखाली आली तर तिची माफी मागणारा होतास. तुझा पहिला संग्रह आला, त्याला तिकडे मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा तू मला लिहिलं होतंस की पुढचं पुस्तक त्या ओसरीचं असेल. मी वाट पाहिली. मग तू वारलास, आणि मी समजलो की पुस्तकही गेलं.

लेखाच्या शेवटी तू स्वतःकडे वळतोस. कवीने थांबावं केव्हा, या प्रश्नाला तू स्वतःचं उत्तर देतोस. लिहितोस की दुसरा संग्रह तयार होता. पश्चिम भारतातल्या एका नदीकाठच्या घरातल्या कविता, एका बाईच्या चुलीपुढच्या. त्या घरात शेजाऱ्याच्या झाडाचं लिंबूसुद्धा सांगितल्याशिवाय तोडत नाहीत. म्हणून तू त्या घराला पत्र लिहिलंस, सोबत दोन कविता घातल्यास, आणि छापू का म्हणून विचारलंस. वर्षभर उत्तर आलं नाही. ‘त्या घराने माझ्या कविता ऐकल्या आणि काहीच म्हटलं नाही. माझ्यावर झालेली एवढी प्रामाणिक टीका मी दुसरी वाचलेली नाही. मी हस्तलिखित बांधून ठेवलं आणि टीकाकार झालो.’ असं तू लिहिलं आहेस. एक ओळ तेवढी उद्धृत केली आहेस, माफक, जणू कोणा दुसऱ्याची: वांगं सोलताना ती विस्तवाशी वाद घालत नाही, नुसती बोटं झटकते.

दोधू, मला आजवर पुष्कळ गोष्टींचा धक्का बसला आहे, पण तो सहसा एका बाजूने बसतो. हा दोन्हीकडून बसला. आम्ही तुला पुरलं म्हणावं, तर तिकडे तूही काही पुरत होतास, त्याच वर्षभरात, त्याच फाटक्या कोपऱ्यामुळे. आणि रागही आला, तो लिहूनच टाकतो. अर्थ लावण्याआधी मूळ पाठ हाती आहे का ते पाहावं, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, शाळेतल्या पोरांना शिकवतो तसं. तुझ्यापुढे मजकूरच नव्हता आणि तू त्यावर भाष्य रचलंस. आम्ही निदान कोपऱ्याचा अर्थ लावला. तुझ्याजवळ कोपराही नव्हता. मला दोन ओळी टाकल्या असत्यास तर काय झालं असतं? लाजलास. जे घर तुझ्यावर रुसलं असं तुला वाटलं, त्या घराच्या ओळखीच्या मास्तराकडे तोंड घेऊन कसं जायचं, असं वाटलं असेल. हे मी समजू शकतो. क्षमा करायला थोडा वेळ लागेल.

दुसऱ्याच दिवशी तो अंक घेऊन प्रकाशाला गेलो. दगा केळीच्या बागेत पाणी सोडत होता. त्याला आधी सांगितलं, म्हटलं बाईंना एकदम नको. तो फावड्यावर रेलला. मग वरच्या ओठावरून हात फिरवून म्हणाला, “मंग मन्ही मिशी फुकट गई का?” ती पुन्हा उगवून सहा वर्षं झाली, पण पूर्वीचा पीळ आला नाही असं त्याचं म्हणणं आहे. एवढं बोलून तो बांधावर बसला आणि उपरण्यात तोंड लपवून रडला. पाणी पाटाबाहेर जाऊन शेजाऱ्याच्या बागेत शिरलं तरी उठला नाही. ज्याने तुझ्याआधी बैल शोधला, तोच हा दगा.

जसोदाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पुरते उतरले आहेत. दिसतं ते नुसतं उजेड आणि काळोख. कार्तिकापासून खोकलाही धरला आहे. धुळ्याच्या डॉक्टरने छाती तपासून दगाला बाहेर नेऊन काही सांगितलं, ते दगाने मला सांगितलं, आणि ते मी इथं लिहीत नाही. मी त्यांच्यापुढे बसून सगळं एकसारखं सांगून टाकलं. थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. त्यांनी अंक मागितला. मांडीवर घेतला, आणि आंधळ्या बोटांनी त्याचे कोपरे चाचपले, एकेक करून, अंगठा दाबून. चारी होते. मला वाटलं, आता हसतील. त्या म्हणाल्या, “मास्तर, कागदनी मारं त्याले. आते कागद त्याले जित्ता करी का?”

मी अंकावरची तारीख सांगितली, तळटीप सांगितली, वर्तमानकाळ म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकदा फसलेलं माणूस बाजारात नाणं दातांखाली धरतं, तसं प्रत्येक वाक्य त्या धरून पाहत होत्या, आणि शेवटी सगळी परत केली. मग मी ती ओळ मराठी करून म्हटली, विस्तवाशी वाद न घालणाऱ्या बाईची. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. बोटं आपोआप झटकली गेली, एकदाच. “हाई त्यानीच लिखं,” त्या म्हणाल्या. “आखो काय लिखं?” मी म्हटलं, बाकीचं त्याने बांधून ठेवलं आहे, तुम्ही हो म्हणाल म्हणून थांबला आहे. बाई खूप वेळ खोकल्या. खोकून झाल्यावर म्हणाल्या, “इचारं व्हतं ना त्यानी? मंग त्याले सांगा, आठे ये. मन्हा म्होरे वाच. मंग छाप.”

म्हणून हे पत्र. सहा वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस त्याचं हे उत्तर आहे, उशिराचं पण त्या घराचं: परवानगी आहे, अटीवर. अट तुला कळली: इथे येऊन, त्यांच्यापुढे वाचून, मग छापायचं. दुसरी एक अडचण शास्त्राची आहे, तीही सांगून ठेवतो. जिवंत माणसाची उत्तरक्रिया होऊन गेली असेल तर त्याला परत आल्यावर तसंच घरात घेता येत नाही. त्याला तुपाच्या कुंडात बुडवून काढायचं, न्हाऊ घालायचं, आणि जातकर्मापासून सगळे संस्कार नव्याने करायचे. पुन्हा जन्म, पुन्हा बारसं. हल्ली शहाद्यात मिळतं त्या तुपात बुडवलं तर काय जन्माला येईल सांगता येत नाही, तेवढं दगा घरच्या म्हशीचं साठवतो आहे. या सगळ्याला आईची मांडी लागते. ती तयार आहे, पण किती दिवस, ते डॉक्टरने दगाला बाहेर नेऊन सांगितलं. चांगली वांगी शिमग्यापर्यंत मिळतात, तेव्हा ये. भरीत त्यांनी अजून तोंडाला लावलेलं नाही, तू आल्याशिवाय लावणार नाहीत, मी शास्त्राने सोडवून दिलं तरी ऐकत नाहीत. इथवरचं हे पत्र काल प्रकाशाला नेऊन त्यांना वाचून दाखवलं, डॉक्टरचं तेवढं गाळून. उघडशील तेव्हा कोपऱ्यांवर लाल-पिवळे डाग दिसतील, त्यांना घाबरू नकोस. मंगलकार्याच्या पत्राला चारी कोपऱ्यांवर हळद-कुंकू लावतात. विधवा बाईने ते लावू नये अशी रीत आहे. दगाची बायको ताट घेऊन पुढे झाली, तर बाईंनी ताट तिच्या हातून घेतलं, कागद मांडीवर ठेवला, आणि चाचपत चाचपत चारी ठिकाणी आपला अंगठा उमटवला. मग मान वर करून माझ्या दिशेने पाहिलं, मी काही म्हणतो का म्हणून. शास्त्र पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही.

तुझाच,
आयाचित मास्तर